शेतीत न जाणाऱ्या मुलांसाठी कृषी क्लब : एक सविस्तर परीक्षण

कृषी क्लब म्हटलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आमच्या मुलाला शेती करायचीच नाही, मग हे कशाला? हे परीक्षण त्याच प्रश्नासाठी लिहिलं आहे. शाळेशी किंवा गावाशी जोडलेले, साधारण दहा ते अठरा वयाच्या मुलांचे हे क्लब, जिथे मुलं स्वतः एखादं पीक किंवा जनावर वाढवतात, चांगले शेतकरी घडवतात का, हा वेगळा विषय आहे. पुढे परिचारिका, वकील, गवंडी, हिशेबनीस, शिक्षक, काहीही होणाऱ्या मुलाच्या पदरात दोन-तीन वर्षांत काय पडतं आणि कुठे नुसता वेळ जातो, तेवढंच इथे पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. क्लब जरूर घ्यावा, पण तिथे तीन गोष्टी खऱ्याखुऱ्या चालत असतील तरच. मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंदवही, निवड केल्यावर तिची कारणं तोंडी सांगण्याची सवय, आणि मुलांनीच चालवलेली सभा. भोपळा किती किलोचा झाला, बोकडाचा कितवा नंबर आला, हे त्यानंतर. बक्षिसांचं कपाट गच्च आणि नोंदवह्या कोऱ्या असा क्लब असेल, तर मूल तिथे शेतीही शिकत नाही आणि बाकीचंही काही शिकत नाही.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात क्लार्क काउंटीमध्ये ए. बी. ग्रॅहम या शाळा अधीक्षकांनी १९०२ साली मुलामुलींचा गट सुरू केला, आणि पुढे फोर-एच नावाने पसरलेल्या चळवळीची सुरुवात तिथूनच धरली जाते. साउथ कॅरोलायनातल्या मरी क्रोमर या शिक्षिकेने १९१० मध्ये मुलींचे टोमॅटो क्लब काढले. प्रत्येक मुलीकडे एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे चार गुंठे. टोमॅटो लावायचे, डबाबंद करायचे, विकायचे आणि हिशेब ठेवायचा. त्या काळात मुलीच्या हाती स्वतःच्या कमाईची वही येणं ही साधी गोष्ट नव्हती. इंग्लंडमध्ये पहिला यंग फार्मर्स क्लब १९२१ मध्ये डेव्हन परगण्यातल्या हेमिऑक गावात निघाला, तो वासरं वाढवण्याच्या निमित्ताने. आणि १९२८ मध्ये 'फ्युचर फार्मर्स ऑफ अमेरिका' म्हणून स्थापन झालेल्या संस्थेने १९८८ मध्ये नाव बदलून 'नॅशनल एफएफए ऑर्गनायझेशन' असं केलं, कारण क्लबातली मुलं विज्ञानात, व्यापारात, तंत्रज्ञानात जात होती आणि 'भावी शेतकरी' एवढ्या दोन शब्दांत ती मावत नव्हती. पालकांच्या प्रश्नाचं उत्तर त्या नामांतरातच आहे.

आता नोंदवहीकडे येऊ, कारण क्लबाची खरी पारख तिथे होते.

अंडी उबवण्याचा प्रकल्प घ्या. कोंबडीचं अंडं फुटायला २१ दिवस लागतात. पंखा असलेल्या उबवणी यंत्रात तापमान ३७.५ अंशांच्या आसपास ठेवायचं, पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. पहिले १८ दिवस अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. फिरवण्यासाठी अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढतात. पेन वापरत नाहीत, कारण कवच सच्छिद्र असतं आणि शाई आत उतरू शकते. दिवसातल्या फेऱ्यांची संख्या विषम ठेवायची, म्हणजे रात्रीच्या लांब वेळेत अंडं रोज एकाच कुशीवर पडून राहत नाही.

या छोट्याशा कामात मुलं काय शिकतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. १८ दिवस गुणिले तीन पाळ्या म्हणजे ५४ चौकटींचा तक्ता भिंतीवर लागतो. प्रत्येक चौकटीत फिरवणाऱ्याची सही, वेळ, तापमान आणि आर्द्रता. पाच जणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला दहा-अकरा पाळ्या येतात, त्यात रविवार आणि सुट्ट्याही आल्या. आता समजा, कुणी न फिरवताच सही ठोकली. पुढच्या पाळीवाला यंत्राच्या काचेतून पाहतो तर गोल वर असायला हवा होता आणि दिसते आहे फुली. कुणी बोट दाखवायची गरज उरत नाही. सही म्हणजे 'हे काम मी केलं' अशी ग्वाही आहे, हे मुलाला इथे पहिल्यांदा कळतं. पुढे औषधाच्या तक्त्यावर सही करताना किंवा यंत्राच्या तपासणी अहवालावर नाव घालताना उपयोगी पडते ती हीच समज.

सातव्या दिवशी अंधारात अंडं दिव्यासमोर धरून बघतात. जिवंत गर्भ असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात, अफलित अंडं स्वच्छ दिसतं, आणि गर्भ सुरुवातीलाच मेला असेल तर रक्ताचं कडं दिसतं. समजा २० अंडी ठेवली, त्यातली ३ अफलित निघाली आणि शेवटी १२ पिल्लं बाहेर आली. यश किती टक्के? २० पैकी १२ धरले तर ६०, आणि फलित १७ पैकी १२ धरले तर जवळपास ७१. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिला आकडा अंडी कुठून आणली, किती दिवस साठवली, कशी हाताळली हे सगळं पोटात घेतो. दुसरा मुख्यतः यंत्र आणि देखभाल कशी होती ते सांगतो. छेदात काय धरलं आहे, हे विचारायची सवय ज्या मुलाला तेराव्या वर्षी लागली, त्याला पुढे जाहिरातीतली किंवा बातमीतली टक्केवारी सहज फसवत नाही. गणिताच्या पुस्तकात हीच गोष्ट दहा उदाहरणांत असते, पण तिथे १२ हा नुसता आकडा असतो. इथे ती चिवचिवणारी बारा पिल्लं असतात.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा अखेरच्या तीन दिवसांत. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत आणि झाकण उघडायचं नाही. मुलांना राहवत नाही. कवचाला पहिला तडा गेला की कुणीतरी झाकण उचलतं, आतली ओल निघून जाते, पडदा सुकून चिवट होतो आणि पिल्लू आतल्या आत अडकतं. चांगला मार्गदर्शक आधीच बजावतो आणि यंत्राशेजारी तशी पाटी लावतो. चुकून पिल्लू दगावलंच, तर त्याची नोंदही कारणासकट करायला लावतो. ती नोंद कुणालाही दोषी ठरवायला नसते. पुढच्या तुकडीला तोच तडा दिसेल तेव्हा तिने हात आवरावा, यासाठी ती असते.

नोंदवहीत जमाखर्चही हवा, आणि इथे बरेच क्लब कच्चे आहेत. बियाणं, खत, खाद्य यांचा खर्च लिहितात आणि विक्रीतून तो वजा करून 'नफा' मांडतात. मुलाने घातलेले तास त्यात कुठेच नसतात. फवारणी पंप तीन हंगाम चालणार असेल तर त्याची पूर्ण किंमत पहिल्याच हंगामावर टाकायची की तीनांत वाटायची, हेही विचारलेलं नसतं. घरच्या विहिरीचं पाणी आणि घरचं शेणखत फुकट धरलेलं असतं. नीट चालणाऱ्या क्लबात खर्चाच्या पानाला दोन जादा रकाने असतात : वेळ मिनिटांत, आणि घरून आलेली वस्तू. वर्षअखेरीला मुलाला दिसतं की कागदावर नफ्यात असलेला वाफा तासांचा हिशेब घातल्यावर तोट्यात आहे. हे कळणं कडू असतं, पण फार मोलाचं असतं. दुकान काढणारा, सुट्टं काम घेणारा, घर चालवणारा, प्रत्येकाला एक ना एक दिवस हा हिशेब मांडावा लागतो.

पशुपालन असेल तर खाद्याचं वजन हा नोंदीचा कणा. एक किलो वजनवाढीला किती किलो खाद्य लागलं, हे काढायचं असतं. नेहमीची चूक अशी, की घातलेलं खाद्य लिहितात आणि गव्हाणीत उरलेलं किंवा सांडलेलं वजा करत नाहीत. मग आकडा वाईट येतो आणि दोष जनावराच्या जातीवर जातो. सकाळी उरलेलं तोलून लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

नोंदवही खरी की खोटी हे ओळखायला पारखी नजर लागत नाही. सगळी पानं एकाच पेनाने, एकसारख्या अक्षरात, एकही खाडाखोड नसलेली असतील, तर ती स्पर्धेच्या आदल्या रात्री लिहिलेली आहे. खऱ्या वहीवर मातीचे डाग असतात, एखाद्या दिवशी 'आज पाणी द्यायला विसरलो' असं असतं, आणि महिन्याभराने त्याच ओळीकडे बाण काढून 'फुलं गळाली ती बहुतेक यामुळेच' असं लिहिलेलं असतं. त्या एका बाणासाठी नोंदवहीचा सगळा खटाटोप करायचा असतो.

माती परीक्षणाचा नमुना घेणं हा त्या मानाने छोटा उपक्रम, पण त्यातून नमुना म्हणजे काय हे मनावर पक्कं बसतं. शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंत कडेची सारख्या जाडीची चकती काढायची, सगळी माती स्वच्छ गोणपाटावर मिसळायची. ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचं. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याशेजारची आणि नुकतं खत टाकलेल्या जागेची माती घ्यायची नाही. का नाही, हे मुलांनाच सांगायला लावावं. ज्या मुलीने उकिरड्याजवळची माती का नको ते स्वतः मांडलं, तिला पुढे कुणी 'आम्ही शंभर लोकांना विचारलं' असं म्हणालं, की 'कुठल्या शंभर?' हा प्रश्न सुचतो.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे निवाडा आणि त्याची कारणं. बाहेरच्यांना हा क्लबातला सगळ्यात विचित्र प्रकार वाटतो, आणि आमच्या मते शेतीबाहेर सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा हाच.

रीत अशी. चार शेळ्या समोर उभ्या करतात, क्रमांक एक ते चार. जनावरं नसतील तर टोमॅटोच्या चार थाळ्याही चालतात. मुलांनी काही मिनिटं निरखायचं, बोलायचं नाही, आणि चांगल्यापासून सुमारपर्यंत क्रम लावायचा. चार जनावरांचे २४ क्रम होऊ शकतात. जाणकार परीक्षकांनी आधी आपला क्रम लावलेला असतो आणि शेजारशेजारच्या प्रत्येक जोडीत किती अंतर आहे तेही आकड्यात ठरवलेलं असतं. समजा अधिकृत क्रम २-४-१-३ आहे, आणि अंतरं अनुक्रमे ३, ५ आणि २. एकूण गुण ५०. शेवटची जोडी उलटी लावली तर फक्त २ गुण जातात, कारण त्या दोघी जवळपास सारख्याच होत्या. मधली जोडी उलटी लावली तर ५ जातात. चौघींतल्या कुठल्याही दोघी धरल्या तर एकूण सहा जोड्या होतात, आणि दूरच्या जोडीचं अंतर म्हणजे मधल्या अंतरांची बेरीज. सगळा क्रमच उलटा लावला तर सहाही जोड्या चुकतात, ३५ गुण जातात आणि हातात १५ राहतात. म्हणजे चूक झाली की सगळं गेलं, असं इथे नसतं. कोणता फरक मोठा होता आणि कोणता किरकोळ, हे ओळखण्याला गुण आहेत. बरोबर-चूक अशा दोनच खुणांच्या परीक्षेत वाढलेल्या मुलाला ही गुणपद्धती वेगळाच विचार करायला लावते.

पण खरी कसोटी पुढे असते. प्रत्येक मुलाने परीक्षकासमोर एकट्याने उभं राहून, हातात कागद न घेता, दोन मिनिटांच्या आत कारणं सांगायची. साधारण असं : 'मी हा गट २-४-१-३ असा लावला. २ ला ४ च्या वर ठेवली, कारण तिची पाठ सरळ आहे, मागचे पाय मोकळे पडतात आणि कास अंगाला घट्ट धरलेली आहे. ४ ची छाती २ पेक्षा रुंद आहे हे मला मान्य आहे, पण चालताना तिचे मागचे पाय आत वळतात.'

यातलं 'हे मला मान्य आहे' फार महत्त्वाचं. ज्याला आपण खाली ठेवलं त्याची जमेची बाजू नीट सांगायची, आणि तरीही आपला निर्णय का टिकतो ते दाखवायचं, असा हा नियमच आहे. ती बाजू न सांगणाऱ्याचे गुण कापले जातात, कारण एक तर त्याने ती पाहिली नाही किंवा पाहून लपवली. शिवाय क्रम चुकलेल्या मुलालाही कारणांचे गुण चांगले मिळू शकतात, जर त्याने जे पाहिलं ते खरं असेल आणि नीट मांडलं असेल. नोकरीच्या मुलाखतीत, न्यायालयात, दवाखान्यात दोन उपचारांतून एक निवडताना, इतकंच काय, घरात भावंडांच्या वादातही हीच रीत लागते. वक्तृत्व स्पर्धांत पाठ केलेलं भाषण चालून जातं. इथे चालत नाही, कारण शेळ्या दर वेळी वेगळ्या असतात.

नवख्या मुलांची चूक ठरलेली : 'ही छान आहे', 'ती जास्त चांगली दिसते'. मार्गदर्शकाने तिथे 'छान म्हणजे काय, कुठे?' एवढं विचारत राहावं. चार-सहा आठवड्यांत 'छान' जाऊन 'पाठीचा कणा कमरेजवळ दबलेला नाही' येतं. भाषेच्या तासाला वर्षभर न जमलेलं काम चार शेळ्या करून जातात.

जपानमधल्या शालेय कृषी क्लबांच्या स्पर्धांत प्रकल्प सादरीकरण आणि मतप्रदर्शन यांबरोबर प्लेन टेबल सर्वेक्षणही असतं. म्हणजे मोजणीची फळी लावून जमिनीचा नकाशा काढणं. इंग्लंड-वेल्समधले यंग फार्मर्स क्लब जाहीर भाषणाच्या आणि नाटकाच्या स्पर्धा घेतात. शेतीच्या नावाखाली मुलांच्या हाती किती वेगवेगळी हत्यारं देता येतात, ते यावरून दिसतं. सगळं एकाच क्लबात मिळणार नाही आणि मिळायची गरजही नाही.

तिसरी गोष्ट सभा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार मुलांमधून निवडलेले हवेत. विषयपत्रिका आठवडाभर आधी लागलेली हवी. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, आहे का ते मोजायचं, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, खजिनदाराने शिल्लक सांगायची, मग विषय. समजा ठराव आहे, 'क्लबाच्या शिलकीतून सगळ्या वाफ्यांना ठिबक संच घ्यावा.' सूचक झाला, अनुमोदक झाला. एकीने उपसूचना मांडली, 'यंदा निम्म्या वाफ्यांनाच घ्यावा आणि दोन्हीकडचं पाणी मोजून तुलना करावी.' आधी मत उपसूचनेवर घ्यायचं. ती मंजूर झाली तर मूळ ठराव दुरुस्त झाला, मग दुरुस्त ठरावावर पुन्हा मत. बारा-तेरा वर्षांची मुलं हे सहज करतात, पण आधी दोन-तीनदा सराव लागतो. पहिल्या सभेत हमखास उपसूचनेवर मत झालं की सगळे उठून जायला निघतात आणि मूळ ठराव तसाच लटकतो.

हरणं हा इथला सगळ्यात मोठा धडा. ज्याचा ठराव पडला त्यालाच पुढच्या आठवड्यात मंजूर झालेलं काम करायचं असतं. सोसायटीची वार्षिक सभा, कामगार संघटना, सहकारी संस्था, पालक समिती, सगळीकडे लोक अडतात ते याच ठिकाणी. ठराव कसा मांडायचा हे माहीत नसतं आणि हरल्यावर काय करायचं हे त्याहून माहीत नसतं.

लाजाळू मुलांचा विचार बऱ्या क्लबांनी केलेला असतो. एफएफएच्या सभेत सेंटिनल नावाचं पद आहे : दाराशी थांबणं, येणाऱ्याचं स्वागत करणं, खोलीची मांडणी आणि व्यवस्था पाहणं. बोलायला घाबरणाऱ्या मुलासाठी हे पद फार चांगली सुरुवात आहे, कारण माणसांशी रोज दोन शब्द बोलावे लागतात पण मंचावर उभं राहावं लागत नाही. असंच बातमी लिहिणाऱ्याचं पद आहे.

खजिनदाराच्या बाबतीत ढिलाई नको. पावतीशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, खर्चाला दोन सह्या, दर सभेला शिल्लक मोठ्याने वाचायची, आणि वर्षातून एकदा खजिनदार नसलेल्या दोन मुलांनी वही तपासायची. रक्कम लहान आहे म्हणून मार्गदर्शक स्वतःच्या खिशात ठेवत असतील, तर क्लबाने हा धडा मुलांकडून काढून घेतला असं समजावं. सभेचंही तसंच. इतिवृत्तात वर्षभर प्रत्येक ठराव 'सर्वानुमते मंजूर' असेल, तर खुर्चीत मूल बसलेलं असलं तरी सभा मोठी माणसं चालवत आहेत.

जनावरांच्या प्रकल्पाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण त्यात फायदा मोठा आणि इजाही मोठी. दिवसातून दोनदा खाणं-पाणी, सण-सुट्टी-परीक्षा काही असो, यातून येणारा नेमकेपणा दुसऱ्या कशातून सहसा येत नाही. पण मांसासाठी वाढवलेलं जनावर शेवटी विकलं जाणार, हे प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी मुलाला स्वच्छ शब्दांत सांगितलेलं असायला हवं. शेवटच्या दिवशी कळलं तर मूल ते विसरत नाही आणि विश्वास मोडतो. ज्या मुलाला हे सोसवणार नाही, त्याला अंडी, दूध, लोकर किंवा रोपवाटिकेचा प्रकल्प द्यावा. त्यात कमीपणा काही नाही. औषध दिल्यावर ठरावीक दिवस दूध, अंडी किंवा मांस विकायचं नसतं, तो कालावधी औषधाच्या वेष्टणावर दिलेला असतो. तो पाळून, दूध ओतून देऊन, नुकसान वहीत लिहिणारं मूल प्रामाणिकपणाची किंमत आकड्यात शिकतं. आणि जनावरांना किंवा पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं हवं. कोंबडीची पिल्लं निरोगी दिसत असूनही साल्मोनेला पसरवू शकतात. पाच वर्षांखालच्या भावंडांना पिल्लं हाताळायला देऊ नयेत, पिल्लांचा मुका घेऊ नये.

दोष सांगायचे तर पहिला पालकांचा. प्रकल्प मुलाचा आणि मेहनत बापाची, हे सर्रास दिसतं. महागडं, आधीच तयार झालेलं जनावर स्पर्धेसाठी विकत आणलं जातं आणि साध्या घरातलं मूल मनाने मागे पडतं. यावर उपाय आहेत. सगळ्यांना एकाच गटातली, एकाच वयाची पिल्लं सोडतीने द्यायची. नोंदवहीला आणि तोंडी कारणांना जनावराहून जास्त गुण ठेवायचे. आणि फोर-एचमध्ये अनेक ठिकाणी चालते ती डॅनिश पद्धत वापरायची : मुलांची एकमेकांशी तुलना न करता ठरवलेल्या कसोटीशी करायची, आणि त्यानुसार निळी, तांबडी किंवा पांढरी फीत द्यायची. दहाही मुलांचं काम उत्तम असेल तर दहाही निळ्या. अगदी लहान वयाच्या मुलांसाठी फोर-एचच्या क्लोव्हरबड गटात तर चढाओढच ठेवलेली नसते, आणि ते योग्यच आहे.

दुसरा दोष, क्लब एका माणसावर उभा असतो. तो शिक्षक बदलून गेला की वाफे वाळतात. म्हणून मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची साखळी आहे का, ते बघावं. शिकवणाऱ्याला त्याचा फायदा शिकणाऱ्याहून जास्त होतो. सोळा वर्षांच्या मुलीला रोप कसं लावायचं हे दहा वर्षांच्या मुलाला समजावताना कळतं, की मुळांचा गोळा फुटू द्यायचा नाही हे तिला माहीत आहे, पण का ते सांगता येत नाही. मग ती शोधते.

तिसरा दोष सुट्ट्यांचा. लांब सुट्टीत पाणी कोण घालणार हे लागवडीआधी ठरलेलं नसेल, तर पीक जातं आणि मुलं खचतात. पिकाचे दिवस मोजून काढणी सुट्टीआधी आणायची किंवा पाळ्यांचा तक्ता करायचा, एवढाच उपाय आहे.

फायद्याचे पुरावे? टफ्ट्स विद्यापीठातल्या रिचर्ड लर्नर यांच्या गटाने २००२ पासून अनेक वर्षं अमेरिकेतल्या ४२ राज्यांतल्या सात हजारांहून जास्त मुलांचा मागोवा घेतला. फोर-एचमधली मुलं समाजासाठी काही करण्यात इतरांपेक्षा बरीच पुढे आढळली. मात्र या अभ्यासाला फोर-एचच्या राष्ट्रीय परिषदेचा निधी होता, आणि अशा क्लबात मुळात उत्साही मुलं आणि वेळ देणारे पालकच जास्त येतात. तेव्हा सगळा फरक क्लबानेच घडवला असं मानू नये. छेदात कोण आहे, हा उबवणी यंत्राशेजारी शिकलेला प्रश्न इथेही विचारायचा.

नाव घालण्याआधी एक सभा मागच्या बाकावर बसून बघा. बोलणं मुलांचं जास्त की मोठ्यांचं, ते घड्याळ लावून मोजा. मागच्या वर्षीच्या तीन नोंदवह्या मागा, आणि त्यातली एक फसलेल्या प्रकल्पाची असू द्या. ती दाखवायला क्लब कचरत नसेल तर निम्मी परीक्षा झाली. एका मार्गदर्शकामागे पंधरापेक्षा जास्त मुलं असतील तर तोंडी कारणांचा सराव होत नाही, रांग लावून उरकला जातो. आठवड्याला तीन-चार तास आणि जनावर असेल तर रोजचा अर्धा-पाऊण तास, एवढा वेळ घरातून निघतो का ते आधी मुलाशी बोलून ठरवा. पहिलं वर्ष वाफ्याचं किंवा रोपवाटिकेचं घ्यावं, जनावर दुसऱ्या वर्षी. आणि पहिल्या दिवशी मुलाच्या हाती द्यायची वस्तू एकच : जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही. स्प्रिंगची नको, तिची पानं फाडली तरी कळत नाही.